खुराकातली गोळी: कोल्हापुरातल्या एका पैलवानाचं प्रकरण

ओळख पटेल असे तपशील, म्हणजे गाव, तालीम, वजनगट, महिने, सगळे बदलले आहेत. मुलाला इथे रणजित म्हणू. त्याला विचारूनच हे लिहितोय. त्याची अट एकच होती: वस्तादांचं नाव कुठं यायला नको. मी कोल्हापूरच्या जुन्या पेठेत चोवीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. तालमी माझ्या दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तरीही या प्रकरणातली पहिली चूक माझीच आहे, आणि ती कुठे झाली ते जागच्या जागी सांगतो.

पार्श्वभूमी

रणजित वीस वर्षांचा. वडिलांचा तीन एकर ऊस आणि साखर कारखान्यात हंगामी नोकरी. तेराव्या वर्षी त्यांनी पोराला शहरातल्या तालमीत आणून सोडलं. पहाटे चारला उठायचं, जोर, बैठका, सपाट्या, मग हौद्यात लढत. दुपारी झोप आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत. सात वर्षं हेच.

या शहरात पैलवान पोसणं ही घराची प्रतिष्ठा असते. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. १९१२ साली पुरं झालेलं खासबाग मैदान आजही त्याची साक्ष देत उभं आहे. राजाश्रय गेला, पण खुराकाचा खर्च राहिला. रणजितच्या घरून महिन्याला अठरा हजार रुपये फक्त खुराकाला जायचे: बदाम, तूप, दूध, अंडी, मटण. आईने त्यासाठी दोन म्हशी राखल्या होत्या, आणि डेअरीला दूध घालायच्या आधी पोराची किटली भरली जायची. म्हणून तालमीत 'खुराक' म्हटलं की तो नुसता आहार नसतो. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेली ती ताकद असते. हा शब्द पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

मागच्या वर्षी खांदा दुखावल्यामुळे रणजित चार महिने मातीबाहेर होता. परत आला आणि ओळीने दोन मैदानं हरला, त्यातलं एक स्वतःच्या आजोळच्या जत्रेत. संक्रांतीनंतर तालमीतल्या एका मोठ्या पैलवानाने त्याला प्लास्टिकची डबी दिली. डबीवर स्टॅनोझोलोल, दहा मिलिग्रॅम, शंभर गोळ्या असं छापलेलं होतं. स्टॅनोझोलोल म्हणजे स्नायू वाढवणारं स्टेरॉइड. किंमत साडेतीन हजार. सुरुवातीला दिवसाला तीन, पंधरा दिवसांनी पाच.

सहा आठवड्यांत वजन पाच किलोने वाढलं. पकड सुटेना. वस्ताद खूश झाले. चैत्रात शेजारच्या तालुक्यातल्या एका मोठ्या यात्रेत त्याची जोड लागली, पोस्टर छापलं गेलं आणि त्यावर फेटा बांधलेला त्याचा फोटो आला. गावच्या एसटी स्टँडवर ते पोस्टर चिकटलं तेव्हा त्याच्या लघवीचा रंग बदलून आठ दिवस झाले होते.

पहिली भेट आणि माझी चूक

मार्चच्या मध्यावर तो माझ्याकडे आला. डोळे पिवळे, भूक नाही, अंगाला खाज. मी नेहमीचे प्रश्न विचारले.

"काही औषधं चालू आहेत?"

"न्हाई डॉक्टर."

"दारू?"

"लंगोट घातलाय डॉक्टर, दारूला कशाला शिवतोय?"

रक्त तपासलं. काविळीत डोळे पिवळे करणारं बिलिरुबिन ६.८, म्हणजे नेहमीच्या कमाल मर्यादेच्या पाचपटीहून जास्त. यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एसजीपीटी ११२, जेमतेम वाढलेलं. माझं निदान दोन मिनिटांत झालं: पाण्यातून आलेली कावीळ. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. तेव्हापासून पंचगंगेच्या काठावर प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला पिवळे डोळे दिसले की आधी नळाचं पाणी आठवतं. मलाही आठवलं.

पण आकडे काही वेगळंच सांगत होते. विषाणूच्या काविळीत सुरुवातीला एसजीपीटी सहसा हजाराच्या घरात जातं, कारण यकृताच्या पेशी मरत असतात. इथे पेशी फारशा मरत नव्हत्या, पित्त मात्र साचत होतं. शिवाय खाज सुरुवातीपासून होती. मी हे पाहिलं आणि मनातल्या मनात उत्तर देऊन टाकलं: पैलवान आहे, मेहनतीने स्नायूंतून एसजीओटी-एसजीपीटी थोडं वाढतंच. ते खरंही आहे. पण त्यातून एसजीपीटी का वाढलं एवढंच कळत होतं. बिलिरुबिन का वाढलं, हा प्रश्न तसाच राहिला.

वर मी पथ्य सांगितलं: तेल-तूप बंद, दूध कमी, हलकं खा, विश्रांती घे. काविळीत स्निग्ध पदार्थ पूर्ण तोडायला ठोस वैद्यकीय आधार नाही हे मला माहीत आहे, तरी जीभ सवयीने बोलून गेली. या एका वाक्याचा परिणाम काय झाला ते दोन आठवड्यांनी कळलं.

मधले दोन आठवडे

हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई, चारही तपासण्या निगेटिव्ह आल्या. मी फोन करून सांगितलं, पण तोवर तो गावी गेला होता. आईने त्याला काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्या एका माणसाकडे नेलं होतं. सलग तीन दिवस पहाटे अनशापोटी रस, गळ्यात माळ, आणि माळ वाढत गेली की कावीळ उतरली असं समजायचं. माळ वाढली, कावीळ उतरली नाही. अर्थात या रसात काय होतं हेही आम्हाला कधी कळलं नाही, आणि यकृताच्या प्रकरणात ती गोष्टही पूर्ण बाजूला टाकता येत नाही.

दुसऱ्यांदा तो आला तेव्हा हातापायांवर नखांचे ओरखडे होते. रात्रभर झोप नव्हती. आई म्हणाली, "सोप्यातल्या दगडी खांबाला पाठ घासत उभा ऱ्हातोय पोरगा." बिलिरुबिन २२.४. रक्त गोठायला लागणारा वेळ किंचित वाढलेला. क्रिएटिनिन १.६, म्हणजे मूत्रपिंडावर ताण. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेल्या नव्हत्या, खडा नव्हता, कुठे अडथळा नव्हता.

तरुण, निर्व्यसनी, विषाणू नाही, खडा नाही, पित्त मात्र तुंबलंय. पाठ्यपुस्तकात अशा ठिकाणी 'औषधांची माहिती पुन्हा घ्या' असं लिहिलेलं असतं. मी पुन्हा विचारलं. उत्तर पुन्हा "न्हाई".

प्रश्न बदलल्यावर

मला सुचलं ते काही फार हुशारीने नाही. मी त्याचं वजन बघत होतो. दोन आठवडे आजारी, तूप-दूध बंद, आणि वजन जेमतेम दोन किलो उतरलेलं. म्हणून सहज म्हटलं, "खुराक काय चाललाय तुझा? पहाटेपासून सांग."

तो सांगत गेला. पहाटे थंडाई असायची, ती आता बंद. सकाळी दोन लिटर दूध, आता अर्धा. दुपारी भाकरी, अंडी, आठवड्यातून तीनदा मटण, ते बंद. "आणि गोळी. ती चालू हाय. दूध-तूप तुटल्यावर ताकद जाईल म्हणून सातावर नेली."

"कसली गोळी?"

"ताकदीची."

"मग मी दोनदा विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

तो खरोखर गोंधळला. "तुम्ही औषध इचारलंसा. ती औषध न्हवं, खुराक हाय."

तो खोटं बोलत नव्हता. गोळी त्याने आजारासाठी घेतली नव्हती, डॉक्टरने दिली नव्हती, मेडिकल दुकानातून आणली नव्हती. दुधासोबत घेतली जायची, म्हणून ती दुधाच्याच खात्यात जमा होती. आणि मी तूप बंद करायला सांगितल्यावर त्याने ताकदीचा तोटा भरून काढायला गोळ्या वाढवल्या. म्हणजे ज्या गोष्टीने यकृत तुंबवलं, तिचा डोस माझ्या सल्ल्यामुळे वाढला.

दुसऱ्या दिवशी त्याने डबी आणून दाखवली. अठरा गोळ्या उरल्या होत्या. ही डबी चौथी.

ती गोळी शरीरात काय करते

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तोंडावाटे घेतलं तर ते आतड्यातून थेट यकृतात जातं आणि बहुतेक तिथेच मोडलं जातं. गोळी चालावी म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी रेणूच्या सतराव्या कार्बनवर एक मिथाइल गट बसवला. तो असला की यकृताला रेणू सहज मोडता येत नाही. स्टॅनोझोलोल याच घराण्यातलं. १९६० च्या सुमारास ते अमेरिकेत तयार झालं. वैद्यकात त्याचा उपयोग आहे: अंगावर, ओठांवर, घशात अचानक सूज येणाऱ्या एका आनुवंशिक आजारात ते दिलं जातं. तिथे सुरुवातीचा डोस दिवसाला सहा मिलिग्रॅमच्या आसपास असतो, आणि पुढे तो दोनपर्यंत उतरवतात. रणजित दिवसाला पन्नास घेत होता, शेवटी सत्तर.

गोळी टिकते ती ज्या मिथाइल गटामुळे, त्याचीच किंमत यकृत मोजतं. पेशीतून पित्ताचे क्षार बाहेर टाकणारी यंत्रणा मंदावते. रणजितच्या वडिलांना, त्याच्या आबांना, मी कारखान्याच्या भाषेत सांगितलं: गाळप चालू आहे, रॉलर शाबूत आहेत, पण मळीची लाइन तुंबली आहे. ते लगेच म्हणाले, "मग मळी आतच फिरत असणार की." बरोबर. तीच रक्तात येते, डोळ्यांत पिवळेपणा दिसतो, कातडीला खाज सुटते, आणि फार साचली तर मूत्रपिंडाच्या नळ्याही बिघडवते. सहसा हे गोळी सुरू केल्यावर एक ते चार महिन्यांत दिसतं. रणजितला आठव्या आठवड्यात दिसलं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये यकृतात रक्ताच्या पोकळ्या आणि गाठी होतात, तो विषय वेगळा.

तालमीत या गोळीचं नाव चांगलं आहे, आणि त्याला कारण आहे. काही स्टेरॉइड्सचं शरीरात इस्ट्रोजेन होतं. त्याने पाणी साचतं आणि मुलांच्या छातीत गाठी येतात. स्टॅनोझोलोलचं इस्ट्रोजेन होत नाही. अंग सुकं आणि आखीव राहतं, वजनगटात बसणं सोपं जातं. म्हणून ती 'साफ गोळी'. बाहेरून काही दिसत नाही एवढाच या सफाईचा अर्थ. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवसाला फक्त सहा मिलिग्रॅम स्टॅनोझोलोल सहा आठवडे दिल्यावर एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३३ टक्क्यांनी घसरलं होतं. रणजितचं एचडीएल १४ निघालं. वयाच्या विसाव्या वर्षी.

बाहेरून हार्मोन भरपूर मिळालं की मेंदू वृषणांना निरोप पाठवणं थांबवतो. त्यामुळे गोळी बंद केल्यावर शरीरात ना बाहेरचं हार्मोन असतं ना आपलं. पुढे सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीने दिला.

एक घोटाळा घरात लगेच सुरू झाला. मी 'स्टेरॉइड' शब्द उच्चारताच आई म्हणाली, "आत्तींच्या दम्याच्या पंपात बी तेच असतंय म्हणत्यात, तो बंद करू का?" दम्याचं स्टेरॉइड वेगळ्या कुळातलं. ते स्नायू वाढवत नाही आणि ते बंद करायचं नाही. मित्राने रणजितला सांगितलं होतं, "एकदम बंद करू नकोस, शॉक बसतो, हळूहळू उतरव." तोही त्याच घोटाळ्याचा भाग. हळूहळू उतरवावं लागतं ते प्रेडनिसोलोनसारखं, दम्याच्या स्टेरॉइडच्या कुळातलं औषध, तेही बरेच दिवस घेतलं असेल तर. यकृत तुंबलेलं असताना ही गोळी त्याच दिवशी बंद.

कुठले पर्याय होते

गोळी थांबवण्याबद्दल चर्चाच नव्हती. बाकीच्या चार गोष्टींवर आम्ही अडलो.

पहिली, यकृताचा तुकडा काढून तपासायचा का. पोटविकारतज्ज्ञांचं मत असं पडलं की कारण हातात आहे, चित्र जुळतंय, आणि रक्त गोठायला वेळ लागत असताना सुई घालण्यात धोका आहे. तीन आठवडे वाट बघू. उतरलं नाही तर काढू.

दुसरी, प्रेडनिसोलोन देऊन बघायचं का. काही डॉक्टर देतात. आमच्याकडे भक्कम पुरावा नव्हता आणि जंतुसंसर्गाची भीती होती. नाही दिलं.

तिसरी, कुस्ती. यात्रा अठरा दिवसांवर होती. आबांचं म्हणणं ऐकताना मला राग आला होता, आता येत नाही. ते म्हणाले, "पोस्टर लागलंय. गावानं गाड्या ठरवल्यात. पाच मिनिटं उभं राहून चितपट झाला तरी चालंल, पण मैदानात उतरला नाही म्हणत्याल." मी त्यांना सांगितलं की रक्त नीट गोठत नसताना डोक्यावर आपटला तर काय होईल. ते गप्प बसले, मग विचारलं, "दाखल्यावर काय लिवणार?"

चौथी गोष्ट हीच: कुणाला काय सांगायचं. रणजित सज्ञान होता. त्याने स्पष्ट सांगितलं की वस्तादांना गोळीचं कळता कामा नये. आईवडिलांना सांगायला तो तयार झाला, तेही मी बोलायचं आणि त्याने खाली बघत बसायचं या अटीवर. पण तालमीत तीच डबी आणखी पोरांकडे असणार हे मला दिसत होतं. एका रुग्णाचा विश्वास एका बाजूला आणि न पाहिलेली पाच-सहा यकृतं दुसऱ्या बाजूला.

काय केलं

चार दिवस रुग्णालयात ठेवलं. सलाईन, के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, खाजेसाठी कोलेस्टिरामिनची पावडर, आणि खांद्यासाठी तो अधूनमधून घेत असलेली दुखण्याची गोळी बंद. तीही त्याने 'औषध' म्हणून सांगितली नव्हती. तूप-दूध मी परत सुरू केलं, पचेल तेवढं. आईच्या चेहऱ्यावर त्या आजारात पहिल्यांदा बरं वाटल्याची खूण तेव्हाच दिसली.

दाखल्यावर लिहिलं: यकृताच्या आजारामुळे सहा महिने कुस्ती वर्ज्य. खोटं काही लिहिलं नाही, पुरं खरंही लिहिलं नाही. जोड रद्द झाली. यात्रा कमिटीने दुसरा मल्ल उभा केला.

गोळी थांबवल्यानंतर पहिल्या आठवड्यात बिलिरुबिन वाढून २४.१ झालं. हा आठवडा सगळ्यात वाईट. घरचे म्हणत, "गोळी तर बंद केली, मग?" गावच्या औषधवाल्याकडे परत न्यायची बोलणी सुरू झाली. थांबवल्यानंतरही काही दिवस आकडा चढू शकतो हे मला माहीत होतं, पण मी ते त्यांना आधी सांगून ठेवलं नव्हतं. चढल्यानंतर दिलेलं स्पष्टीकरण सबबीसारखं ऐकू येतं. तिसऱ्या आठवड्यात १७, सहाव्यात ८, अकराव्यात १.३. क्रिएटिनिन दहा दिवसांतच जाग्यावर आलं. तुकडा काढावा लागला नाही.

कावीळ उतरली आणि पोरगं बसलं

मला वाटलं होतं प्रकरण संपलं. सहाव्या आठवड्यात आई एकटीच आली. रणजित दिवसभर झोपून असतो, कुणाशी बोलत नाही, म्हशींकडे बघत नाही, म्हणाली. वजन ९१ वरून ७८. टेस्टोस्टेरॉन तपासलं तर ७४ निघालं. खालची मर्यादा साधारण ३०० धरतात. वृषणांना निरोप देणारं एलएचही जवळजवळ शून्यावर.

त्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "अर्धीच गोळी घेतो डॉक्टर. नुसतं उठण्यापुरती." गोळी बंद करणाऱ्या कितीतरी जणांची गाडी इथेच परत मागे फिरते. यकृत बरं होत असतं, पण माणसाला स्वतःच्या अंगात स्वतः असल्यासारखं वाटत नाही, आणि उपाय खिशात असतो. मी सरळ विचारलं, "जगायला नको असं येतं का मनात?" थोडा वेळ गेला. "रंकाळ्यावर बसलो की येतंय कधी कधी."

हार्मोनतज्ज्ञांसमोर तीन मार्ग होते: बाहेरून टेस्टोस्टेरॉन देणं, वृषणं जागी करणारी इंजेक्शनं किंवा गोळ्या, किंवा थांबणं. बाहेरून दिलं की मेंदूचा निरोप आणखी लांबतो. उत्तेजक औषधांबद्दल मतं वेगवेगळी आहेत, आणि डोपिंगच्या यादीत तीही येतात. वापर फक्त तीन महिन्यांचा होता, म्हणून थांबायचं ठरलं. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवताना मी घरी 'झोपेचे डॉक्टर' असं सांगितलं. त्याबद्दल मला फारसं बरं वाटत नाही, पण खरं नाव सांगितलं असतं तर तो गेला नसता हेही नक्की. पुढचे तीन महिने तो दर शनिवारी दवाखान्यात यायचा, वजन करायचा, दहा मिनिटं बसायचा. औषध काहीच नाही. आईने डब्यातून पाठवलेलं लोणी मात्र मला मिळायचं.

टेस्टोस्टेरॉन चौथ्या महिन्यात १९० आणि सातव्यात ३४२ झालं. एचडीएल ३८.

डोपिंगचा प्रश्न त्यानेच काढला. जत्रेच्या मैदानात कुणी लघवी तपासत नाही, म्हणून त्याला ही गोळी कधी 'बंदीची' वाटलीच नव्हती. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचं शंभर मीटरचं सुवर्णपदक तीन दिवसांत काढून घेतलं गेलं, ते याच स्टॅनोझोलोलसाठी, हे ऐकल्यावर तो म्हणाला, "म्हंजे एवढी जुनी हाय गोळी?" स्पर्धेत असो वा स्पर्धेबाहेर, तिच्यावर बारमाही बंदी आहे. जाणूनबुजून वापरल्याचं ठरलं तर चार वर्षं. शरीरातले तिचे अवशेष प्रयोगशाळांना बराच काळ सापडतात. म्हणून त्या वर्षीच्या निवड चाचणीची प्रवेशिका त्याने भरली नाही. मॅटवर जायची ती त्याची पहिली संधी होती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच भेटीत 'खुराक काय?' असं विचारलं असतं तर पंधरा दिवस वाचले असते, आणि सत्तरचा डोस झालाच नसता. हे सरळ आहे. माझ्या केसपेपरवर आता 'औषधे' या रकान्याखाली 'खुराक, पावडर, गोळी, इंजेक्शन' असा वेगळा रकाना आहे. पैलवान असो वा जिमचा पोरगा, मी डबे घेऊनच या असं सांगतो.

आकडा काही दिवस चढेल हे आधीच सांगायला हवं होतं. हार्मोन ढासळणार हेही पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. सहा आठवडे आम्ही फक्त बिलिरुबिनकडे बघत बसलो.

वस्तादांबद्दल मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. रणजितचं नाव न घेता, तालमीत जाऊन सगळ्या पोरांशी गोळ्यांबद्दल बोलता आलं असतं. गुपित न मोडता ते जमलं असतं. मी टाळलं, कारण तो आजारी पडल्याच्या आठवड्यातच मी तिथे गेलो असतो तर संशय त्याच्यावरच आला असता. तीन आठवड्यांनी त्याच तालमीतला दुसरा मुलगा दोन्ही स्तनाग्रांखाली दुखऱ्या गाठी घेऊन आला. त्याची गोळी वेगळी होती, मिथँडिएनोन, इस्ट्रोजेन होणारी. तो आला तोही रणजितनेच पाठवला म्हणून. मी थांबलो नसतो तर तो लवकर आला असता का, सांगता येत नाही.

डबी विकणाऱ्याचं काहीच झालं नाही. कायद्याने ही डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची औषधं आहेत. पण आमच्याकडे ना बिल होतं, ना दुकान, ना नाव सांगायला कुणी तयार. डबीवर छापलेलं आणि आत असलेलं एकच होतं का, हेही कुणी तपासलं नाही.

दुसऱ्या महिन्यात रणजितने मला परवानगी दिली आणि मी वस्तादांना भेटलो. सत्तरीचे आहेत. हौद्याच्या कडेला बसून ताक मिसळलेली माती उकरणाऱ्या पोरांकडे बघत त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "माहीत नव्हतं असं मी म्हणणार न्हाई डॉक्टर. वजन असं सहा आठवड्यात वाढत नसतंय. मला बघायचं नव्हतं." त्यानंतर त्यांनी मला एकदा पोरांशी बोलायला बोलावलं. तीस पोरं आली. प्रश्न एकानेही विचारला नाही. रात्री साडेनऊला दवाखाना बंद करताना दोघे येऊन शटरपाशी उभे राहिले.

सध्याची स्थिती

दसऱ्यानंतर रणजित मातीत परतला. वजन ८३. पहिल्याच मैदानात, पूर्वी ज्याला दोनदा चितपट केलं होतं त्या पोराकडून तो गुणांवर हरला. खांदा अजून कुरकुरतो. थंडाई परत सुरू आहे आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो.

शेवटची भेट मागच्या महिन्यातली. आई बरोबर होती. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. ती बाहेर बसल्यावर त्याने विचारलं, पोरीकडच्यांना सांगायला लागतं का. मी म्हटलं, आधी वीर्य तपासून घे. अशा वापरानंतर शुक्राणू परत यायला वर्षभरही लागू शकतं, आणि बहुतेकांचे येतात. चिठ्ठी लिहून दिली. ती त्याने घडी करून पाकिटात ठेवली. तपासणी अजून झालेली नाही.